वळणावर लावलेली गाडी

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लग्नकार्यात जेवणं आटोपली, मंडळी पाय सोडून बसली, की कुणीतरी म्हणतंच, "बाबा इटलीत गाडी भाड्यानं घेऊन आत्याच्या गावी गेले होते ना, ते सांगा." मी टाळतो. लोकांना वाटतं, म्हातारा लाजतोय. मग माझा मुलगा सांगायला बसतो. उलट्या बाजूचं स्टिअरिंग, नारळ हातात घेऊन चक्रावलेला विमानतळावरचा अधिकारी, डोंगरातलं दगडी घर, अंगणात मांडलेलं टेबल आणि आत्यानं ॲप्रनमध्ये घेतलेली ओटी. सगळे हसतात. ओटीपाशी एखादी बाई डोळे पुसते.

या गोष्टीतला गाडी भाड्यानं घेतल्याचा भाग खरा आहे. नारळाचाही खरा आहे. टेबलही खरं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं बहुतेक मी रचलं, आणि जे मला रचता आलं नाही ते माझ्या बहिणीनं रचलं. तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. ज्यांच्यापासून लपवलं त्या आई आणि माझी बायको आता नाहीत. ज्या एकीला ही गोष्ट रचलेली आहे हे ठाऊक होतं, तीही नाही. आता नाही लिहिलं तर मुलगा ती गोष्ट माझ्या तेराव्यालाही सांगेल, म्हणून लिहितो.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई तिला बाय म्हणायची, म्हणून मीही बायच म्हणायचो. आम्ही पनवेलात तळ्याजवळ राहायचो. मी पाताळगंगेच्या बाजूच्या एका औषधांच्या कारखान्यात देखभाल खात्यात होतो आणि बाय टायपिंग शिकल्यावर मीच तिला तिथल्या ऑफिसात चिकटवली. सकाळी दोघं एकाच बसनं जायचो. ती खिडकीपाशी बसायची आणि मी डबे सांभाळायचो.

त्या वर्षी कारखान्यात एक मशीन बसवायला इटलीहून एक फिटर आला. तीन महिने राहणार होता. आठ दिवसांत कँटीनच्या जेवणानं त्याचं पोट बिघडलं, तसा मी त्याला घरी घेऊन आलो. आईनं मऊ भात, मेतकूट आणि तूप वाढलं. त्याला मांडी घालता येईना, तेव्हा एक पाय कोपऱ्यातल्या कणगीपर्यंत लांब करून तो जेवला. नंतर दर रविवारी यायला लागला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. त्याला मराठी शिकवायची त्यांना फार हौस. "म्हणा, पुरे." "पुरे." "पुरे म्हणताना हात असा आडवा धरायचा. नाहीतर आमची मंडळी वाढतच राहतात." अण्णा इतके हसताना मी फार कमी वेळा पाहिले आहेत.

वर्षभरानं तो परत आला तो बायसाठीच. अलिबागला जाऊन दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि आठवड्याभरात ती गेली. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता मला एवढंच म्हणाले, "त्याला या घरात तू आणलास." त्यानंतर तिचं नाव घरात निघालं नाही. तिची पत्रं यायची ती न फोडता पत्र्याच्या डब्यात जायची. टाकून मात्र अण्णांनी एकही दिलं नाही, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. अण्णा जाऊन महिना उलटल्यावर आईनं तो डबा माझ्यापुढे ठेवला. "वाच. पहिल्यापासून वाच." तीन दिवस मी वाचत होतो. फिटरची नोकरी सोडून तो वडिलांच्या शेतावर परतला होता. गाई होत्या, चेस्टनटची झाडं होती, एक मुलगी झाली होती. शेवटच्या पत्रात फोन नंबरही होता.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी कारखान्यानं गोळ्यांच्या पॅकिंगचं नवं मशीन घ्यायचं ठरवलं. ती कंपनी वेगळी होती, पण इटलीतलीच, बोलोन्याच्या बाजूची. मशीन जहाजात चढण्याआधी तपासायला आमचे प्रॉडक्शनचे साहेब आणि मी असे दोघे तीन आठवड्यांसाठी जाणार होतो. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "तिची ओटी राहिलीय."

लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीची ओटी माहेरच्यांनी भरायची असते. बाय रिकामी गेली होती. अकरा वर्षं आईच्या मनात ते होतं आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचे पंधरा दिवस घरात लग्नघर झालं. बेलपाड्याहून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन तांदूळ विकायला यायची, तिच्याकडून आईनं मुद्दाम नव्या भाताचे तांदूळ घेतले. ती म्हणाली, "तुमची पोर तिकडं काय खाते काय म्हाईत. तिला सांगा, बेलपाड्याचा तांदूळ हाय. असा तिकडं नाय मिलायचा." बांगड्यांच्या दुकानात कासारानं माप विचारलं तेव्हा आई अडली. मग स्वतःचा रिकामा हात पुढे करून म्हणाली, "माझ्या मापाच्या द्या. आता तेवढी झाली असेल." खण मोरपिशी, लाल काठाचा. हळकुंडं, सुपारी, खारका, आणि शेंडी राखलेला नारळ.

यातल्या एकाही वस्तूला आईनं हात लावला नाही. अण्णा गेल्यापासून हळदीकुंकवाच्या ताटाकडे ती लांबूनच बघायची. कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं तर आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आताही पाटावर दूर बसून ती सांगत होती आणि माझी बायको बांधत होती. "नारळाची शेंडी वर. खण वर नको, खाली. हां." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पुरुष माणूस, तुला काही ओटी भरता यायची नाही. नुसती तिच्या हातात दे. म्हण, आईनं पाठवलीय, लग्नातली राहिली होती. एवढं म्हणालास तरी झालं."

"आणि देवापुढे ठेवून नमस्कार करायला सांगा," बायको म्हणाली.

"तिच्याकडे कुठले आले देव?" मी विचारलं.

"असतील कुठले तरी," आई म्हणाली. "देवाशिवाय घर असतं का?"

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, शेंडी ओढून पाहिली. आमचे साहेब मान खाली घालून लांब जाऊन उभे राहिले. शेवटी मी दोन्ही हात जोडून दाखवले तेव्हा त्यानं तो परत दिला.

जाण्याआधी आईनं बायकोकरवी पत्र लिहवून घेतलं होतं. मी तिसऱ्या रविवारी येईन, असं त्यात कळवलं होतं. तिथे पोचल्यावर एकदा हॉटेलातून मी तो नंबर फिरवला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. तो दोन-तीनदा काहीतरी विचारत राहिला. मी फोन ठेवला.

तिच्या गावापर्यंत रेल्वे जात नव्हती. मशीन कंपनीच्या स्टोअरकीपरनं ओळखीच्या गॅरेजमधून भाड्यानं एक छोटी पांढरी गाडी मिळवून दिली. परदेशात चालणारा परवाना मी निघण्याआधीच पेणच्या आरटीओतून काढून आणला होता. गॅरेजवाल्यानं मला गाडीत बसवून पंधरा मिनिटं इटालियनमधून सगळं समजावलं. गिअरच्या दांड्याखाली एक कडं होतं, ते बोटांनी वर उचलून त्यानं काहीतरी दोनदा करून दाखवलं. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

साहेब म्हणाले, "पळस्प्याला ट्रकांच्या मधून घुसता तसं इथं करू नका. इथली माणसं आखलेल्या पट्ट्यातूनच गाडी चालवतात. आणि नवीन गाडी आहे, नारळ आहेच तुमच्याकडे, फोडा एक."

"हा फोडायचा नाही साहेब."

"मग घाला देवाला साकडं. मी काही तुमच्याबरोबर येत नाही. मला दोन मुली आहेत."

मी कारखान्याच्या जीपवर शिकलेला. पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जाऊन यायचं, एवढं माझं शिक्षण. इथे प्रत्येक वळणाला दिव्याऐवजी वायपर सुरू व्हायचे. लख्ख ऊन आणि काच कोरडी पुसत मी चाललेलो. मागचे लोक भोंगा वाजवायचे, पुढे जाताना डोकावून बघायचे. तासाभरानं हात स्थिरावले. डोंगर सुरू झाले, झाडं पिवळी पडायला लागली होती. ओटीचं गाठोडं मी शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला होता. खरं सांगतो, त्या दोन तासांइतका आनंद मला पुढे फारसा कधी झाला नाही. मी मोठ्यानं बोलत होतो. "आईनं पाठवलीय. लग्नातली राहिली होती." वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघत होतो.

गावाच्या तोंडाशी चर्च होतं. रस्ता विचारावा म्हणून तिथे थांबलो. चर्चच्या भिंतीवर काळ्या कडेचा एक मोठा कागद चिकटवलेला होता, वर क्रूस छापलेला. तशी पत्रकं मी बोलोन्यातही पाहिली होती. कुणी वारलं की तिथे असं छापून भिंतीला लावतात, हे स्टोअरकीपरनं सांगितलं होतं. त्या कागदावर मोठ्या अक्षरांत एक आडनाव होतं. माझ्या खिशातल्या पाकिटावर बायच्या नावापुढे होतं तेच. अक्षर न् अक्षर तेच. त्याआधीचं नाव लांबलचक होतं. बायच्या नवऱ्याला आम्ही कारखान्यात दोन अक्षरी हाकेनं ओळखायचो, त्याचं पुरं नाव मला कधीच माहीत नव्हतं. खालीही काही मजकूर होता. मी तो वाचला नाही. अशा कागदावर गेलेल्या माणसाचं वय छापतात, हे मला नंतर कळलं. आकडे तर मला वाचता येत होते. चार बोटं खाली पाहिलं असतं, तर हे सगळं लिहायची पाळी आली नसती.

चर्चपासून वर रस्ता जात होता. एका वळणावर आलो आणि खाली घर दिसलं. दगडी, लाल कौलांचं, पत्रात लिहिलं होतं अगदी तसं. अंगणात एक बाई लांब टेबलावर पांढरं कापड अंथरत होती. अंगात पायघोळ काळे कपडे, वर बिनबाह्यांचा कोट आणि कमरेला ॲप्रन. केस मागे बांधलेले. कपाळ रिकामं, हात रिकामे. दोनशे पावलांवरूनही मी तिला ओळखलं. कापडाचं टोक झटकायची तिची लकब आईची होती.

मी गाडी वळणावरच बंद केली.

मला वाटलं, तो गेला. माणसं जेवायला येणार असतील, दिवस असतील, म्हणून टेबल मांडतेय. कपाळ पाहिलं आणि मला पाटावर दूर बसून ओटी बांधायला सांगणारी माझी आई दिसली. शेजारच्या सीटवर खण, बांगड्या, हळकुंडं, सगळं पट्ट्यात बांधून ठेवलेलं. हे हिच्या हातात कसं द्यायचं? आणि घरी जाऊन काय सांगायचं?

मी उतरलो नाही ते एवढ्याचसाठी, असं मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. पण नुसतं एवढंच कारण असतं, तर गाठोडं गाडीत ठेवून मी रिकाम्या हातानं धावत गेलो असतो. लिहायला बसलोच आहे तर पुढचंही लिहितो. माझ्या मनात आलं, हिला आता घरी न्यावं लागेल. हिला आणि मुलीला. दोन खोल्या, आई, बायको, माझी दोन मुलं. गल्लीतले लोक म्हणतील, गोऱ्याबरोबर गेली आणि कोरं कपाळ घेऊन आली. अण्णा म्हणाले होते, त्याला या घरात तू आणलास. ती मला बघताच म्हणेल, दादा, मला घेऊन चल. मग मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मी गाडीतच बसून राहिलो.

किती वेळ, ते सांगता येत नाही. तिनं टेबलावर ताटल्या मांडल्या. दोनदा मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा कपाळावर हात आडवा धरून ती गाडीकडे बघत उभी राहिली. मी घाईनं गाडी सुरू केली. रिव्हर्स पडेना. ते कडं उचलायचं असतं हे डोक्यातून साफ गेलेलं. दांडा ढकलला तशी गाडी पुढे, तिच्या दिशेनं, हातभर सरकली. ती दोन पावलं पुढे आली. ॲप्रनला हात पुसत होती. मग कडं बोटाला लागलं, गाडी मागे गेली आणि घर दिसेनासं झालं.

खाली उतरताना चर्चच्या अलीकडे दगडात एक कोनाडा होता. त्यात मूल कडेवर घेतलेली बाई, डोक्यावरून निळा पदर. मी थांबलो. ओटी परत घरी नेता येत नाही आणि फेकायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. आपल्याकडे देवीची भरतात तशी मी ती तिच्या पायाशी ठेवली. खण, तांदळाची पुरचुंडी, नारळाची शेंडी वर, वर बांगड्या. हात जोडले आणि निघालो.

हॉटेलवर साहेबांनी विचारलं, "भेटली का बहीण?"

"भेटली," मी म्हणालो. एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं होतं.

पनवेलला पोचलो त्या दुपारी आईनं मला हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

"कशी आहे?"

"छान आहे. भरलीय अंगानं."

"जावई?"

"बरे आहेत." माझ्या हिशेबी मेलेल्या माणसाबद्दल मी हे म्हणालो.

"ओटी घेताना काय म्हणाली?"

"काय म्हणणार? रडली."

"पदर नसेल तिला. घेतली कशात?"

हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. "स्वयंपाक करताना कमरेला बांधतात ना तिकडे, ॲप्रन, त्यात घेतली."

"ॲप्रन," आई म्हणाली. तिनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. मग आपल्या पदराची दोन टोकं धरून झोळी केली आणि बायकोला दाखवली. "असं घेतलं असेल, नाही?"

आठ दिवसांनी बायकोनं आईच्या सांगण्यावरून पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं. दादानं सांगितलं तुझं घर, तू ॲप्रनमध्ये ओटी घेतलीस ते ऐकून जीव निवला, वगैरे. टाकायला माझ्याकडे दिलं. तेही आठ दिवस माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं. रोज बायको विचारायची, "टाकलंत ना?" शेवटी टाकलं. आता उत्तर येणार आणि सगळं उघडं पडणार, हे धरून चाललो.

उत्तर आलं त्या दिवशी घरात पोह्याचे पापड चालले होते. बायकोचे हात तेलाचे, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. बायको म्हणाली, "तुम्हीच वाचा ना मोठ्यानं. आम्ही लाटतो." पळवाट नव्हती. मी वाचायला लागलो.

बायनं लिहिलं होतं: "आई, दादा आला तो दिवस मी विसरणार नाही. अंगणात टेबल मांडलं होतं. तो किती खाल्लं तरी पुरे म्हणेना, अण्णांचा 'पुरे'चा धडा विसरला वाटतं. ओटी मी ॲप्रनमध्येच घेतली. मोरपिशी खण मला फार आवडला. बांगड्या किंचित मोठ्या होतात, तुझा हात अजून माझ्याहून मोठा आहे. तांदूळ नव्या भाताचे होते ना? शिजताना सगळ्या घराला वास सुटला. नारळ इकडे कुणी पाहिलेला नाही. गावातली चार माणसं तो बघायला आली होती. दादा आला तेव्हा माझ्या सासऱ्यांना जाऊन चारच दिवस झाले होते, म्हणून मी काळ्या कपड्यांत होते. इकडे घरात कुणी गेलं की बायका बरेच दिवस काळं घालतात. दादानं सांगितलं असेलच. आणि दादाला म्हणावं, पुढच्या वेळी गाडी वळणावर लावू नकोस, अंगणापर्यंत आण. रस्ता अरुंद दिसतो, पण खाली गाडी वळवायला भरपूर जागा आहे."

खणाचा रंग मी कुणाला सांगितला नव्हता आणि बायकोच्या दोन्ही पत्रांतही तो नव्हता. नारळ बघून गावकऱ्यांनी ओळखलं असणार की ही वस्तू कुणाच्या घरची, आणि कोनाड्यातली ओटी तिला नेऊन दिली असणार. आईची ओटी तिला पोचली होती. फक्त मी पोचलो नव्हतो, आणि तिनं ते आईला कळू दिलं नाही.

"थांबलास का?" आई म्हणाली.

"संपलं."

"सासरे गेल्याचं तू बोलला नाहीस."

"राहिलं सांगायचं."

"राहिलं? अरे, सुतकात ओटी दिलीस की तू!" आईचं लाटणं थांबलं. मी पत्राची घडी घातली. मग तीच म्हणाली, "असू दे. माहेरची होती. माहेरच्या ओटीला कसलं आलंय सुतक." आणि पुढचा पापड लाटायला घेतला.

त्या दिवसापासून ती गोष्ट आमच्या घराची झाली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बायच्या पत्रांतून त्यात भर पडत गेली. पुढच्या एका पत्रात मी तिच्या गाईला घाबरलो होतो. मी नाही म्हणू शकत नव्हतो.

तीन-चार वर्षांनी हिवाळ्यात बाय मुलीला घेऊन पनवेलला आली. मी कारखान्याची व्हॅन घेऊन विमानतळावर गेलो. मुलगी मागे झोपलेली, बाय माझ्याशेजारी. वाटेत खाडीवरच्या पुलाबद्दल, नव्या इमारतींबद्दल बोलत होती. आमच्या गल्लीत व्हॅन मागे घेऊनच लावावी लागायची. मी मान वळवून मागे घ्यायला लागलो.

"जमतं की आता तुला रिव्हर्स," ती म्हणाली.

ती समोर बघत होती. मी ब्रेक दाबला. "बाय, अगं, तेव्हा मी..."

"दादा, मागं बघ. सायकलवाला आहे."

सायकलवाला खरोखरच होता. तो गेला, मी गाडी लावली, तोवर आई दारात आली होती.

तीन आठवडे ती राहिली. निघायच्या दिवशी बायकोनं ओटीचं ताट मांडलं. आई नेहमीप्रमाणे दूर पाटावर बसली होती. बायको कुंकवाला हात घालणार तोच आई उठली, म्हणाली, "सूनबाई, आज मी भरते. बघतंय कोण?" तिनं बायच्या कपाळाला कुंकू लावलं, ते जरा तिरकंच लागलं. बायनं त्या दिवशी साडी नेसली होती. पदर पसरून तिनं ओटी घेतली आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पण मला खाली बघावं लागलं.

विमानतळावर ती म्हणाली, "ये एकदा. अंगणापर्यंत." मी म्हणालो, येतो.

गेलो नाही. पुढच्या वर्षी आई गेली. मग दर रविवारी फोन व्हायचे. पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, मुलगी काय करते. दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं. ती समजत असणार की मी वळणापर्यंत येऊनही अण्णांचा शब्द ओलांडू शकलो नाही, तिला माफ करायला कचरलो. तिला कपाळ, काळे कपडे, भिंतीवरचा कागद, यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पत्रंही लिहिली. दोन तर तिकिटं लावून ठेवली होती.

एका सकाळी फोन वाजला. पुरुषाचा आवाज होता, म्हातारा झालेला. पंधरा-वीस शब्दांच्या मराठीतून त्यानं शब्द शोधले. "दादा. बाय नाही. पुरे झालं." ज्याला मी त्या वळणावर मेलेला धरलं होतं, त्यानंच मला ते कळवलं. मला त्यालाही काही सांगता आलं नाही.

बाय, मी आलो होतो. तू पाहिलंस ती गाडी माझीच होती. मी रागानं परत गेलो नाही, अण्णांचा शब्दही आड आला नव्हता. मला वाटलं, तुझं कुंकू गेलं. आणि तू 'दादा, मला घरी घेऊन चल' म्हणशील, याची मला भीती वाटली. तू टेबल माझ्यासाठी मांडलं होतंस आणि मी उतरलो नाही. माझं चुकलं, बाय. मला माफ कर.